राखेच्या बुधवारापूर्वीची संध्याकाळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "एखादी पाककृती देऊ का?" त्या हसून म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर राहिले आहे. तेच द्या."

प्रश्न माझ्या चांगला स्मरणात होता. तिळगूळ वाटून झाल्यावर पलीकडच्या आळीतील एका बाईंनी सहज विचारले होते, "तुम्ही ख्रिस्ती लोक चाळीस दिवस मासळी-मटण सोडता, कपाळाला राख लावता, ते कशासाठी? आणि ते सोडून पदरात काय पडते?" दिवेलागणीची वेळ झाली होती. "सांगेन कधीतरी," असे म्हणून मी घरी निघाले. खरे सांगावयाचे तर त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते आणि जेव्हा कळले तेव्हा ते चारचौघींत सांगणे सोपे नव्हते. आज ते लिहून देत आहे.

मी काही शास्त्री-पंडित नव्हे. वसईच्या बागायती पट्ट्यात सून म्हणून आले, केळीच्या व भाजीच्या वाडीत जन्म गेला. चर्चच्या लहानशा ग्रंथालयातील पुस्तके दुपारच्या वेळी वाचण्याचा मात्र नाद आहे. त्या वाचनातून जे हाती लागले ते माझ्या मैत्रिणींपुढे ठेवते.

प्रथम हा काळ कोणता ते सांगते. आम्ही त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतो. कोणी उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. बोटांवर मोजले तर हे दिवस सेहेचाळीस भरतात, कारण रविवार हा उत्थानाचा वार म्हणून उपवासात धरीत नाहीत. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. चाळीस हा आकडा जुन्या शास्त्रातला. मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला. एलिया संदेष्टा होरेब पर्वतापर्यंत चाळीस दिवस चालला. निनवे नगरीला सुधारण्यासाठी योना संदेष्ट्याने चाळीस दिवसांची मुदत सांगितली, तेव्हा तेथील राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला. आणि प्रभू येशू स्वतः रानात चाळीस दिवस उपाशी राहिला. राखेच्या बुधवारी फादर आमच्या कपाळाला जी राख लावतात, ती बहुधा मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. वर्षभर क्रूसाच्या मागे खोचून ठेवलेली झावळी आम्ही घरोघरून आणून देतो.

एवढे आम्हाला लहानपणी शिकवलेले असते. पण हा काळ पाळण्याची रीत कशी पडली, हे कोणी फारसे सांगत नाही, आणि मला तर त्या रीतीच्या इतिहासानेच शहाणे केले.

अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत चाळीस दिवसांचा नियम नव्हता. इ. स. १९० च्या सुमारास लिओं शहराचे बिशप इरेनेयस यांनी रोमच्या बिशपांना एक पत्र लिहिले होते. ईस्टर कोणत्या दिवशी करावा यावरून त्या वेळी मोठा तंटा माजला होता. इरेनेयस लिहितात की, ईस्टरपूर्वीचा उपवास कोणी एक दिवस करतो, कोणी दोन, कोणी त्याहून अधिक, तर कोणी चाळीस तास. तरीही हे सर्व एकमेकांशी शांततेने राहत आले आहेत. म्हणजे उपवासाविषयीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो लिहिला गेला भांडण मिटवण्यासाठी!

याहून नवल पुढे आहे. इ. स. ३२५ साली निकिया येथे, म्हणजे हल्लीच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची मोठी परिषद भरवली. त्या परिषदेने वीस नियम केले. त्यांतील पाचव्या नियमात चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. मला वाटले होते की, काय खावे, काय खाऊ नये, याचा तो नियम असेल. तसे काहीच नाही. मंडळीतून ज्यांना बाहेर काढले आहे त्यांना खरोखर अपराधासाठी काढले की कोणा बिशपाच्या क्षुद्र रागामुळे अथवा हट्टामुळे, याची चौकशी करण्यासाठी प्रत्येक प्रांतातील बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, असा तो नियम आहे. त्यांपैकी एक बैठक चाळीस दिवसांच्या काळापूर्वी घ्यावी, म्हणजे मनातील सगळा कडवटपणा निघून जाऊन देवापुढे शुद्ध अर्पण ठेवता येईल, असे कारणही दिले आहे.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. का बसले ते शेवटी सांगेन.

त्याच शतकाच्या अखेरीची एक बाई मला फार जवळची वाटते. तिचे नाव एगेरिया. ती पश्चिमेकडून, बहुधा स्पेन किंवा गॉल देशातून, पवित्र भूमीच्या यात्रेला गेली आणि तेथे जे पाहिले ते आपल्या गावच्या भगिनींसाठी लिहून ठेवले. हा काळ इ. स. ३८१ ते ३८४ च्या आसपासचा मानतात. तिचे लिखाण शेकडो वर्षे कोणास माहीत नव्हते. इटलीतील अरेत्सो गावी १८८४ साली त्याची अर्धवट प्रत सापडली. यात्रेहून आल्यावर आपल्याकडे बायका जशा सगळे बारकाईने सांगतात, तसेच तिचे सांगणे आहे.

जेरुसलेमला तेव्हा हा काळ आठ आठवड्यांचा असे, कारण शनिवार-रविवारी उपवास करीत नसत. ज्यांना ईस्टरला बाप्तिस्मा घ्यावयाचा असे, त्यांची नावे या काळाच्या आरंभी लिहून घेत. नंतर बिशप आसनावर बसत आणि एकेकाला पुढे बोलावीत. पुरुषाबरोबर धर्मपिता येई, बाईबरोबर धर्ममाता. बिशप त्या माणसाला काहीच विचारीत नसत. ते विचारीत त्याच्या शेजाऱ्यांना. हा मनुष्य वागणुकीने कसा आहे? आईबापांचा मान राखतो ना? दारूबाज किंवा खोटे बोलणारा तर नाही ना? शेजाऱ्यांनी चांगले सांगितले तर त्याचे नाव लिहीत. नाहीतर, आधी सुधारून मग या, असे सांगत. परका मनुष्य असेल आणि त्याला ओळखणारे कोणी नसेल तर त्याला प्रवेश मिळणे कठीण जाई. पुढे रोज सकाळी तीन तास शिकवणी चाले.

मैत्रिणींनो, जरा मनाशी विचार करा. देवाच्या घरी जावयाचे तर दाखला शेजारणीचा! आपल्यापैकी कितीजणींना असा दाखला सहज मिळेल?

उपवासाविषयी एगेरिया आणखी एक गोष्ट सांगते. कोणी आठवड्यातून एकदाच जेवतात, कोणी दिवसातून एकदा, कोणाला तेही झेपत नाही. ज्याला जसे जमेल तसे तो करतो. ज्याने अधिक केले त्याची कोणी वाखाणणी करीत नाही आणि ज्याने कमी केले त्याला कोणी नावे ठेवीत नाही. तेथील रीतच तशी आहे. हे वाचून मला माझीच लाज वाटली. "आमच्याकडे बुधवारपासून अंडेसुद्धा घरात येत नाही," हे वाक्य मी किती वर्षे किती दारांत उभी राहून बोलले असेन!

आता राखेविषयी. प्राचीन काळी राख सगळ्यांना लावीत नसत. ज्यांच्या हातून मोठे पातक झाले आणि ज्यांना परत यावयाचे होते, अशांसाठी ती होती. त्यांना अंगावर गोणपाट, डोक्यावर राख घेऊन मंडळीच्या देखत वेगळे उभे राहावे लागे. चाळीस दिवस बाकीचे लोक त्यांच्यासाठी प्रार्थना करीत व त्यांच्याबरोबर उपवास करीत. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी त्यांना पुन्हा आत घेत. म्हणजे एकाने चुकावे आणि सगळ्यांनी मिळून त्याला घरी आणावे, असा हा चाळीस दिवसांचा रस्ता होता.

अशा रस्त्याने आलेल्या एका बाईची हकीगत संत जेरोम यांनी लिहून ठेवली आहे. ती रोममधील थोर घराण्यातील फाबियोला. तिचा पहिला नवरा फार दुर्वर्तनी होता. तिने त्याला सोडले व दुसरे लग्न केले. त्या काळच्या धर्मनियमाप्रमाणे हे पातक समजले गेले. तिच्या दुःखाचा न्याय आज आपण करू नये. जेरोम यांनीही तिचा कैवारच घेतला आहे. दुसरा नवरा वारल्यावर, कोणी जबरदस्ती केलेली नसता, ईस्टरपूर्वीच्या दिवसांत ती रोमच्या लॅटरन चर्चमध्ये गोणपाट नेसून, केस मोकळे सोडून पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सगळे रोम शहर पाहत होते. तिच्यासाठी बिशप रडले, धर्मगुरू रडले, लोकही रडले.

ही बाई परत आत आल्यावर पुढे काय करते ते पाहा. तिने आपली सर्व मालमत्ता विकून रोममध्ये रुग्णालय काढले. अशा तऱ्हेचे तेथील ते पहिलेच. रस्त्यावर पडलेले रोगी ती स्वतःच्या खांद्यावरून आणीत असे व ज्या जखमांकडे इतरांना पाहवत नसे त्या आपल्या हाताने धूत असे. इ. स. ३९९ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला रोम लोटले. पश्चात्ताप म्हणजे कोपऱ्यात बसून अश्रू गाळणे एवढेच असते, तर फाबियोलाचे नाव आज कोणी घेतले नसते.

माझ्या आवडीची तिसरी हकीगत अंत्युखिया शहरातील आहे. हे शहर म्हणजे तुर्कस्तानातील आजचे अंताक्या. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने त्याची फार मोठी हानी झाली. इ. स. ३८७ साली उपवासकाळाच्या तोंडावर तेथे नव्या करामुळे दंगा झाला आणि लोकांनी सम्राट थिओडोसियसचे व त्याच्या दिवंगत राणीचे पुतळे पाडून रस्त्यातून ओढले. राग ओसरल्यावर सगळ्यांना कापरे भरले. सम्राट आता शहर जाळील की कापून काढील, कोणास ठाऊक! अधिकाऱ्यांनी धरपकड चालवली. नाटकगृहे व स्नानगृहे बंद झाली. पुष्कळ लोक घरेदारे टाकून डोंगरात पळाले. वृद्ध बिशप फ्लाव्हियन, आपली बहीण अखेरच्या आजारात असतानाही, हिवाळ्यात शेकडो मैल दूर कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाकडे अभय मागण्यास निघाले.

इकडे शहरात राहिले धर्मगुरू योहान, ज्यांना पुढे लोकांनी सुवर्णमुख म्हटले. घाबरलेल्या लोकांपुढे ते तो सगळा उपवासकाळ प्रवचने देत होते. मासळी आणि पाखरे खाण्याचे सोडता, पण आपल्याच भावंडांचे लचके तोडता, याचा उपयोग काय, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. उपवास नुसत्या तोंडाचा नको. डोळ्यांचा, कानांचा, हातांचा व जिभेचाही हवा, असे ते सांगत. आणि शहाणपण असे की, त्यांनी लोकांवर दहा व्रतांचा भार टाकला नाही. एकच खोड धरली. त्या शहरात ऊठसूट शपथा घेण्याची वाईट सवय होती. ती एक सोडा, घरात एकमेकांवर लक्ष ठेवा, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ईस्टरच्या सुमारास बिशप फ्लाव्हियन क्षमापत्र घेऊन परतले. शहर वाचले.

यापुढील इतिहास थोडक्यात सांगते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी हिशेब मांडला होता की, सहा आठवड्यांतील उपवासाचे दिवस छत्तीस, म्हणजे वर्षाच्या दिवसांचा जणू दशांश आपण देवाला देतो. पुढे त्यात चार दिवस मिळवून चाळीस पुरे केले, म्हणून आरंभ बुधवारी होऊ लागला. चारचौघांत उभे राहण्याची जुनी रीत फार कडक होती. ती आयुष्यात एकदाच करता येई, त्यामुळे लोक मरणापर्यंत टाळू लागले. मग आयर्लंडच्या संन्याशांनी एकांतात पापनिवेदन करण्याची व ते पुनःपुन्हा करण्याची पद्धत पसरवली. १२१५ साली लॅटरन येथील परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. आणि राख? पातकी मनुष्य एकटा राख लावून उभा आहे आणि आपण मात्र स्वच्छ कपाळाने पाहत आहोत, हे जणू लोकांना बरे वाटेना. हळूहळू सगळेच आपल्या डोक्यावर राख घेऊ लागले. १०९१ साली बेनेव्हेंतो येथील परिषदेने ती रीत सर्वांसाठी सांगितली. तेव्हापासून पोपांपासून पाटीवाल्या बाईपर्यंत सर्वांना एकच राख. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम पुष्कळ सौम्य केले व प्रार्थना आणि दयेची कृत्ये यांवर भर दिला.

आपल्या देशातही या काळाची एक सुंदर रीत आहे. केरळातील सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मोठ्या उपवासाच्या आरंभी शुबकोनो नावाचा विधी असतो. त्यात धर्मगुरू व लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. माझ्या एका जैन मैत्रिणीकडे संवत्सरीला घरोघर क्षमा मागण्यास जातात, ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्यासारखेच!" आपल्या मराठी भाषेची सेवा करणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत ऐकण्यास पुराण असावे, म्हणून ते रचले. प्रभूच्या दुःखसहनाची कथा त्यात मराठीत आली. माझ्या सासूबाई अक्षरशत्रू होत्या. पण उपवासकाळात जात्यावर बसावे तशा सुरात त्या दुःखसहनाची जुनी गाणी म्हणत.

पश्चात्ताप हा आपला शब्दही किती अर्थपूर्ण आहे! मागाहून होणारा ताप. पण नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो त्याचा अर्थ मन पालटणे असा आहे, आणि जुन्या करारातील हिब्रू शब्दाचा अर्थ माघारी फिरणे. ताप पुष्कळांना होतो. मला अकरा वर्षे झाला. माघारी फिरणे मात्र झाले नव्हते.

आता शेवटी सांगेन म्हणाले होते ते सांगते.

२००४ साली आमच्या सामाईक विहिरीवर मोटार बसवली. खर्च दोन्ही घरांनी अर्धा अर्धा सोसावयाचा होता. त्या दिवसांत मंडळाचे पापड लाटण्याचे काम चालू होते. दहा-बारा जणी बसलो होतो. बोलता बोलता मी म्हणाले, "थोरल्या घरचे पैसे अजून आलेले नाहीत. आमच्याच बोडक्यावर सगळे." मला त्या वेळी खरेच तसे वाटत होते. रात्री घरी यजमान म्हणाले, "अगं, दादाने पैसे कधीच दिले आहेत, ट्रंकेत ठेवले आहेत." म्हणजे मी बोलले ते खोटे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पापड लाटावयास गेले. एक वाक्य बोलले असते तर सगळे निस्तरले असते. मी बोलले नाही. आपलाच शब्द आपण कसा गिळावा, ही लाज!

बोलणे बाजारापर्यंत गेले. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्यांनी ते मासळीबाजारात दुसरीच्या तोंडून ऐकले. त्या मला काही बोलल्या नाहीत. मंडळात येणे मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केले. आमचे अंगण एक, विहीर एक, पण बोलणे संपले. सासूबाई कालवणाची वाटी या घरातून त्या घरात नेत व तिकडची इकडे आणीत. एवढाच काय तो दुवा उरला.

या अकरा वर्षांत मी एकही उपवास मोडला नाही. दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला गेले. पापनिवेदनात "जावेशी पटत नाही" एवढेच सांगत राहिले. का पटत नाही, ते कधी सांगितले नाही. आणि अशाच एका वर्षी निकियाचा तो पाचवा नियम वाचनात आला. चाळीस दिवसांच्या आत नव्हे, चाळीस दिवसांपूर्वी कडवटपणा काढा. आणि बाहेर गेलेला मनुष्य आपल्या अपराधाने गेला की दुसऱ्याच्या हट्टाने, ते तपासा. वहिनी मंडळाबाहेर गेल्या होत्या, त्या माझ्यामुळे.

२०१५ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता. आदल्या संध्याकाळी मी अंगण ओलांडून गेले. वहिनी पडवीत बोंबील साफ करीत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितले की, पैशाचे मी जे बोलले ते खोटे होते, ते खोटे असल्याचे मला त्याच रात्री समजले होते, आणि तरी मी गप्प राहिले. मला क्षमा करा. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

मी परत आले. रात्रभर झोप नाही. सकाळी कपाळाला राख लागली, तेव्हा पहिल्यांदा ती मला राखेसारखी वाटली. जे दहाजणींत बोलले ते एकांतात क्षमा मागून पुसले जात नाही, हे त्या जुन्या लोकांना समजले होते आणि वहिनींना समजले होते. मलाच समजण्यास उशीर लागला. त्या वर्षी मी मासळी सोडली की नाही ते आठवत नाही. एकच गोष्ट धरली होती, मंडळाच्या सभेत उभे राहावयाचे. फेब्रुवारीची सभा गेली, तोंड उघडले नाही. मार्चच्या सभेत हिशेब वाचून झाल्यावर उठले आणि सांगितले. त्या दहा-बारा जणींपैकी दोघी तोवर देवाघरी गेल्या होत्या. त्यांना सांगावयाचे राहिले ते राहिलेच. कोणी मला टाकून बोलले नाही. पलीकडे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी नुसते "बस, पाणी पी," म्हटले.

वहिनी लगेच आल्या नाहीत. ईस्टर झाला, पावसाळा झाला. ऑगस्टच्या सभेला त्या आल्या आणि मागच्या सतरंजीवर बसल्या. सासूबाईंनी हे पाहिले, याचे मला समाधान आहे. त्या दिवसापासून त्यांनी वाटी नेणे सोडून दिले. म्हणाल्या, "आता तुमची तुम्ही न्या. माझे गुडघे दुखतात."

हे सगळे पुन्हा छापून का द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, त्या पापडाच्या दिवसांतील तिघी आता बाहेरगावी राहतात, आणि ही स्मरणिका त्यांना टपालाने जाणार आहे. लेख लिहून झाल्यावर मी तो वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले व एकच दुरुस्ती सांगितली. मासळीबाजारात त्या रडल्या असे मी लिहिले होते. "मी रडले नव्हते. ते काढ," असे त्या म्हणाल्या. ते काढले आहे.

तेव्हा संक्रांतीला प्रश्न विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणीला उत्तर असे की, मासळी सोडून आमच्या पदरात काहीच पडत नाही. सोडलेल्या मासळीचे पैसे गरिबाला दिले तर त्याच्या पदरात दोन घास पडतात, एवढे खरे. बाकी हे चाळीस दिवस बाहेर गेलेल्या माणसाला आत आणण्यासाठी आहेत. मग बाहेर गेलेले आपण असू, किंवा आपल्यामुळे दुसरे कोणी गेले असेल. एका वर्षी एवढे जरी साधले तरी पुष्कळ. पुढच्या वर्षी जिभेची दुसरी एखादी खोड धरावयास मिळतेच. माझ्याकडे त्यांचा तोटा नाही.

पापड या वर्षीही लाटावयाचे आहेत. वहिनी माझ्याशेजारीच बसतील, आणि माझे पापड कडेला जाड राहतात असे म्हणतील. ते मात्र खरे आहे.